ओढून पाहू नये

साडी भेट मिळाली आहे, हे मंजुषाला फोनवर आधीच कळलं होतं. म्हणून सिरोंच्याची गाडी गावाच्या फाट्यावर थांबल्याचा आवाज आला, तशी ती दारात येऊन उभी राहिली. धनराज आला. लहान लेकराला धरावं तसं एक ओलं बोचकं त्याने छातीशी धरलं होतं. बोचक्यातून पाणी ठिबकत होतं आणि वरून चार-दोन पानं डोकावत होती.

"साडी कुठी हाय?" मंजुषाने विचारलं.

"हेच तं साडी हाय," धनराज म्हणाला.

मंजुषाने बोचक्याकडे पाहिलं. पिवळा रंग कुठेकुठे ओळखू येत होता. बाकी सगळा चिखल होता.

"अवं, गोणपाट आलापल्लीतच सुकून गेलं ना," धनराज समजावू लागला. "पानं माना टाकून राह्यले होते. जीव चालला होता त्यायचा. मंग स्टँडवरच्या नळाखाली साडी भिजवली अन् गुंडाळलं. म्हणून वाचले."

"कोन वाचले?"

"कोको," धनराज हळूच म्हणाला, जणू घरात पाहुणा झोपला आहे. "चॉकलेट ज्याचं होते, ते झाड."

धनराजचा शाळेतला दोस्त बिरजू गोदावरीपलीकडे तेलंगणात एका पामतेलाच्या बागेवर देखरेखीला होता. त्याच्या मुलीच्या बारशाला धनराज गेला होता. बिरजूच्या बायकोने मंजुषासाठी साडी दिली. पण धनराजचं लक्ष बारशात नव्हतं आणि साडीतही नव्हतं. पामच्या झाडांमध्ये, सावलीत, कोकोची झाडं उभी होती आणि त्यांच्या खोडालाच लाल-पिवळी फळं लटकली होती. जेवणाची पंगत बसली तेव्हा धनराज फांद्या छाटत होता.

घरातल्या कोणालाच याचं नवल वाटलं नाही. धनराजला असं अधूनमधून होत असे. एका वर्षी त्याने सिमेंटच्या टाक्यात मोत्यांचे शिंपले सोडले होते, ते शेजारच्या बदकांनी फस्त केले. त्यानंतर ड्रॅगन फ्रूट आलं. ते गेलं, पण त्याचे खांब अजून उभे होते आणि त्यांच्यावर धनराजची आई रुखमाबाई गोधड्या वाळत घालायची.

मंजुषा भांडली नाही. तिने साडी सोडवली, बादलीत टाकली आणि शांतपणे म्हणाली, "पोळ्यापर्यंत मुळं फुटले तं तुमचं खरं. एकाले जरी फुटलं तरी चालन. नाई फुटलं तं दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, प्रफुल येईन, त्याच्या संग आरमोरीले जाचं. शेत ठेक्यानं देऊन टाकू."

प्रफुल हा मंजुषाचा धाकटा भाऊ. आरमोरीच्या बाजारात त्याचं मोठं किराणा दुकान होतं, आणि गल्ल्यावर बसायला घरचा माणूस हवा म्हणून तो दोन वर्षांपासून धनराजच्या मागे लागला होता. धनराज तिथे एकदा दिवसभर बसून आला होता. समोर रस्ता, मागे पोती, आणि मध्ये पायाला माती कुठेच नाही. संध्याकाळी घरी येऊन तो चप्पल काढून बराच वेळ वाडीत उगीच चालत राहिला होता.

"लागली शर्त," धनराज म्हणाला.

घरामागच्या वाडीत, विहिरीजवळच्या फणसाखाली, त्याने कामाला सुरुवात केली. प्रत्येक काडीची पानं कात्रीने अर्धी कापली. बुडाशी तिरपा छेद दिला. मग खिशातून एक छोटी पांढरी डबी काढली. बिरजूने दिलेली मुळं फुटायची पावडर, रूटिंग हार्मोन. काडीचं बूड पाण्यात ओलं करायचं, पावडरीत टेकवायचं, झटकायचं आणि रेती भरलेल्या पिशवीत हलकेच खोचायचं. डझनभर काड्या झाल्या. त्यांच्यावर बांबूच्या कामट्यांची कमान करून त्याने प्लास्टिक पांघरलं. आत दमट वाफ धरली.

शेजारच्या अंजनाबाई कुंपणावरून सगळं पाहत होत्या. "धनराजभाऊ, मुळं येतेत म्हंता, तं मह्या वेणीले लावून पाहू का थोडीशी?"

"बाई, मजाक नोका करू," धनराज म्हणाला. त्याने सगळ्यांना गोळा केलं. बाप नानाजी, माय रुखमाबाई, मंजुषा. "आयका. पाणी मी मारीन. प्लास्टिक मी उघडीन. कोनी हात लावाचा नाई. मुळं लई नाजूक असते. हललं की तुटलं. समजलं?"

"समजलं," सगळे म्हणाले.

आता यात खोट कोणाची नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीची होती. ही सगळी धानाची माणसं. भातलावणीचा रोवणा आटोपला की चार-पाच दिवसांनी शेताच्या धुऱ्यावरून चालायचं, वाकायचं, एखादं रोप दोन बोटांत धरायचं आणि जरासं ओढून पाहायचं. रोप हातात आलं तर अजून जीव धरला नाही. बोटाला आतून हिसका बसला की समजायचं, धरलं. मग निवांत घरी जाऊन जेवायचं. मूळ जमिनीखाली असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या गावात ते बोटांनी पाहतात. आणि नुकताच रोवणा संपला होता. सगळ्यांची बोटं अजून त्याच तालात होती.

पहिली गेली रुखमाबाई. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट लेकाची काळजी होती. धनराज सोसायटीत गेला होता, तेव्हा तिने प्लास्टिक उचललं, कडेची काडी दोन बोटांत धरली आणि ओढली. काडी सरळ बाहेर आली. बुडाला पांढरी पावडर तशीच होती.

"नाई धरलं अजून," ती स्वतःशी म्हणाली. रोवण्यात दाबतात तशी अंगठ्याने काडी पुन्हा दाबून बसवली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी मंजुषा गेली. शर्त तिने लावली होती, तेव्हा काय चाललं आहे हे पाहणं तिला आपलं कामच वाटलं. तिने मधली काडी ओढली. नंतर वाटलं, एकीवरून काय कळणार, म्हणून तिच्या शेजारची ओढली.

नानाजींची गोष्ट वेगळी होती. त्यांचे हात जाडजूड, आणि त्यांना हलकेच काही करता येत नसे. त्यांनी काडी मुठीतच धरली आणि धसकट उपटावं तशी ओढली. काडी बुडाजवळ कट्‌कन मोडली. नानाजी घाबरले. इकडेतिकडे पाहिलं. पावडरीची डबी तिथेच विटेवर होती. त्यांनी मोडकं टोक डबीत चांगलं बुचकळलं आणि काडी पुन्हा खोचणार, तोच घरातून पावलांचा आवाज आला. नानाजींनी काडी बंडीच्या खिशात घातली, प्लास्टिक सोडलं आणि तहान लागल्यासारखे तडक मागच्या पडवीत गेले. तिथे रांजण होता.

त्या दिवसापासून धनराजला शंका येऊ लागली. काल डावीकडे झुकलेली काडी आज उजवीकडे झुकलेली. डबीतली पावडर कमी. आणि मोजून पाहिलं तर एक काडी गायब.

"खारीनं नेली असन," नानाजी ताबडतोब म्हणाले.

"खार काडी कायले नेईन, बाबा?"

"तिची मर्जी. आपून कोन विचारनार?"

धनराजने मग गोठ्यातून बैलाच्या गळ्यातली घागरमाळ आणली. पोळ्यासाठी घासूनपुसून ठेवलेली होती. ती त्याने प्लास्टिकच्या कडेला बांधली. कोणी नुसतं प्लास्टिक उचललं तरी घुंगरं वाजतील. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, जेवून सगळे आडवे झाले असताना, वाडीत घागरमाळ खणखणली. बैल सुटला असं वाटून नानाजी काठी घेऊन धावले. चोर आला असं वाटून मंजुषा लाटणं घेऊन धावली. रुखमाबाई नुसतीच धावली. धनराज सगळ्यांच्या पुढे होता.

प्लास्टिकच्या आत कोणीतरी अर्धं शिरलं होतं. बाहेर फक्त हिरवं लुगडं आणि दोन पाय दिसत होते. घागरमाळ लुगड्यात अडकली होती, त्यामुळे जितकं सोडवावं तितकं जास्त वाजत होतं.

"कोन हाय?" धनराज ओरडला.

"मी हाय ना, अंजना!" आतून आवाज आला. "आधी हे बैलाचं काढा मह्यावरून!"

मंजुषाने घागरमाळ सोडवली. अंजनाबाई बाहेर आल्या. केसांत रेती, हातात काडी.

"बाई, तुमाले सांगितलं होतं ना, हात लावाचा नाई!" धनराजला रडू यायचं बाकी होतं.

"मले सांगितलं होतं, अन् यायले नाई सांगितलं?" अंजनाबाईंनी काडी हातातच नाचवली. "घरचे सारे पाहून राह्यले, मंग मीच काऊन नोको? रुखमाबाई एक दिवसाआड येते. मंजुषा दोन-दोन ओढते. नानाजी तं असे ओढत होते का मले वाटलं विहीर उपसून राह्यले."

धनराजने मायकडे पाहिलं. रुखमाबाई फणसाकडे पाहू लागली. त्याने बायकोकडे पाहिलं.

"मी हळूच ओढलं," मंजुषा म्हणाली.

"बाबा?"

"मी पाहून राह्यलो होतो, कोन ओढते ते," नानाजी म्हणाले.

धनराज मटकन विटेवर बसला. "सारे एकच! मह्या घरात मह्या जिवावर उठले! एकाले बी सबुरी नाई?"

अंजनाबाई जायला निघाल्या होत्या, पण कुंपणाशी थांबल्या. "सबुरीचं राहू द्या, धनराजभाऊ. रोज सकाळी तोंड धुवाच्या आधी कोन वाकते तिथी? अन् एक नाई, ओळीनं साऱ्या पाहाता."

फणसावर एक खार खरोखरच चिर्र-चिर्र ओरडत होती. मंजुषाने धनराजचा हात धरून वर केला. अंगठ्याच्या आणि बोटाच्या नखात पांढरी पावडर होती.

"मी मालक हाय," धनराज पुटपुटला. "मले पाहाच लागते."

मग रुखमाबाईने चहा ठेवला, कारण दुसरं काय करणार. तो सगळ्यांनी खाली मान घालून प्यायला.

त्यानंतर कोणी काड्यांना शिवलं नाही. पण उशीर झाला होता. एकेक पान काळं पडून गळू लागलं. पोळ्याच्या दिवशी बैलांना रंग देताना धनराजचं चित्त ठिकाणावर नव्हतं, एका शिंगाला निळा लागला आणि दुसऱ्याला लाल. संध्याकाळी त्याने प्लास्टिक काढून त्याची घडी केली. सुकलेल्या काड्या एकेक करून उपटल्या. आता त्या ओढायला कोणाची ना नव्हती. मंजुषा दारातून पाहत होती. शर्त जिंकल्यावर माणसाला जसं वाटतं, तसं तिला वाटत नव्हतं. त्या रात्री तिने त्याला दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या आणि त्याने त्या ताटात तशाच ठेवल्या.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी प्रफुल पिकअप घेऊन आला. मागे एक नवीकोरी खुर्ची बांधलेली होती. काळी, फिरणारी, खाली चाकं असलेली.

"भाऊजी, खास तुमच्यासाठी," त्याने खुर्ची अंगणात उतरवली. "गल्ल्यावर बसाले. म्हटलं, इथीच बसून पाहा, सवय होईन."

धनराज बसला नाही. नानाजी बसले. एकदा गोल फिरले, मग दुसऱ्या बाजूने फिरले आणि मग उठायचं नाव घेईनात.

धनराजने पिशवी भरून दारात ठेवली होती. दोन शर्ट, पंचा, दाढीचं सामान. मंजुषा चुलीपाशी वडे तळत होती आणि गरजेपेक्षा जास्त आवाज करत होती. तिने आज ती पिवळी साडी नेसली होती. सात वेळा धुऊनही पदरावर चिखलाचा एक डाग राहिलाच होता.

"ताई, पाणी दे वो," प्रफुल म्हणाला. मंजुषाचे हात पिठाचे होते, म्हणून तो स्वतःच मागच्या पडवीत रांजणाकडे गेला. पाणी घेताना त्याच्या हातून लोटा सुटला आणि गडगडत रांजणामागे गेला. प्रफुल वाकला. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ओल्या रेतीवर एक फुटकं मडकं पालथं पडलं होतं. लोटा त्याच्यामागे अडकला होता, म्हणून त्याने मडकं उचललं.

"भाऊजी! हे काय लावून ठेवलं इथी?"

धनराज आला, आणि दारातच थांबला. रेतीत एक काडी उभी होती. अर्धी कापलेली पानं अजून हिरवी होती आणि शेंड्यावर दोन नवी पानं आली होती. कोवळी, तांबूस, नुकत्या जन्मलेल्या वासराच्या कानांसारखी लोंबणारी.

बाहेर खुर्चीत नानाजींना मोठा खोकला आला.

"बाबा!" धनराज ओरडला.

नानाजी खुर्चीसकट पाय रेटत दारापर्यंत आले. "मोडली ना एक मह्यानं," ते म्हणाले. "फेकून दिली असती तं तुले दिसली असती. खिशात ठेवली तं कपडे धुनारी पाहते. मंग रेतीत खुपसली अन् मडकं झाकलं."

"पावडर लावली होती?"

"लावली ना. भाकरीले चटणी लावते तशी."

"अन् मंग इतके दिवस एकदा बी काढून पाह्यलं नाई?"

"आता घ्या!" नानाजी चिडले. "चोरीचा माल कोन घडीघडी पाहाले जाते?"

रांजणाचा पाझर, कोपऱ्यातली सावली, वर मडक्याचं झाकण, आणि मुख्य म्हणजे कोणाला पत्ता नाही. जे धनराजला कामट्या आणि प्लास्टिक लावून साधलं नव्हतं, ते नानाजींच्या भीतीने केलं होतं. रुखमाबाईने काडीला हळद-कुंकू लावायला करंडा आणला, पण धनराजने तिला हात जोडून लांब ठेवलं.

प्रफुल मात्र व्यापारी माणूस. त्याने पिशवी पाहिली, खुर्ची पाहिली. "पानं आले, हे ठीक. पन शर्त तं मुळाची होती ना?"

सगळे धनराजकडे पाहू लागले. आणि धनराज, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, म्हणाला, "हो. पान फुटलं म्हंजे मूळ असनच, असं नाई. कधी कधी काडीतल्या ओलीवर बी पान फुटते."

"तुमी जरा चूप बसता का?" मंजुषा चुलीपासून ओरडली.

"मंग पाहून घेऊ," प्रफुल म्हणाला. तोही धानपट्ट्यातलाच. तो वाकला, दोन बोटं पुढे केली आणि काडीपर्यंत पोचणार, तोच त्याच्या मनगटावर फटकन गरम झारा बसला.

"आई गं! ताई!"

"हात नोको लावू!" मंजुषा झारा उगारून उभी होती. झाऱ्यातून तेल ठिबकत होतं.

"अवं, शर्त तुनंच लावली होती ना?"

"मीच लावली, मंग मीच पाहीन. आता फैसला दसऱ्याले. तोपर्यंत तू दुसरा मानूस पाह्य."

"अन् खुर्ची?"

खुर्ची तोपर्यंत अंगणात नव्हती. तान्ह्या पोळ्याची पोरं आपापले लाकडी नंदी ओढत गल्लीतून चालली होती, त्यांना चाकांवरचे नानाजी दिसले. पोरांनी खुर्चीला दोरी बांधली आणि नानाजींना नंद्यांच्या रांगेत घेतलं. नानाजी काठी उंच धरून बसले होते. अंजनाबाईंनी कुंपणावरून झेंडूची माळ फेकली, ती बरोबर त्यांच्या गळ्यात पडली. चौकात सजवलेल्या नंद्यांना बक्षीस होतं, आणि पोरांना पहिल्या नंबराची आशा वाटू लागली होती.

"माही खुर्ची!" म्हणत प्रफुल मनगट चोळत मागे धावला. धनराज त्याच्या मागे धावला, तो मात्र हसत होता, बऱ्याच दिवसांनी. मग रुखमाबाईही पदर सावरत निघाली. घर रिकामं झालं.

मंजुषाने कढई उतरवली. हात धुतले. पदराला पुसले, तिथेच, डागावर. दारातून एकदा गल्लीत डोकावून पाहिलं आणि मागच्या पडवीत आली.

पुन्हा झाकून ठेवलेलं मडकं तिने उचललं. तांबूस पानं जरा हलली. ती उकिडवी बसली, काडी दोन बोटांत धरली आणि श्वास रोखून, जितकं हलकं ओढता येईल तितकं हलकं ओढलं.

आतून बोटाला हिसका बसला.

मंजुषा तशीच बसून राहिली. मग रेती नीट दाबली, मडकं पालथं घातलं आणि उठून वळली. मागे रुखमाबाई उभी होती. ती चौकापर्यंत गेलीच नव्हती.

"धरलं?" रुखमाबाईने विचारलं.

"धरलं," मंजुषा म्हणाली. तिला हसू आवरेना.

"जोरानं तं नाई ओढलं?"

"नाई, बाई. अगदी हळू."

"मंग तुले काय समजलं असन?" रुखमाबाईने बाह्या मागे सारल्या. "सरक जराशी."

मंजुषाने पदर कमरेला खोचला आणि मडक्यासमोर फतकल मारून बसली.

"नाई सरकत," ती म्हणाली.